सुनंदा, वय वर्षे नऊ

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "सर, तुमच्या कामातले गमतीचे किस्से लिहा. पुस्तक छापायच्या आधी ते कुणीतरी तपासतं, हेच लोकांना माहीत नसतं." मी हो म्हणालो. किस्से माझ्याकडे आहेत, एखादा सांगेनही. पण लिहायला बसलो आहे ते वेगळ्याच कारणासाठी. एका मुलीवर आळ आला होता. तो खरा माझ्यावर यायला हवा होता. अकरा वर्षं मी गप्प राहिलो. आता डॉक्टरांनी जिने चढायला मनाई केली आहे आणि मला वाटतं, हे राहून जायला नको.

आधी काम काय ते सांगतो. उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये, पडद्यांच्या कापडाच्या दुकानावर, आमचं ऑफिस होतं. मालक नारीशेठ. स्वाध्यायपुस्तिका, क्लासच्या नोट्स, शिवणकाम-वायरमन अशा छोट्या कोर्सची पुस्तकं आम्ही काढायचो. लेखक मजकूर देई आणि तो माझ्या टेबलावर येई. मी प्रत्येक गणित सोडवून बघायचो, मागची उत्तरं जुळतात का ते पाहायचो. पाठ पाचमधली गोष्ट पाठ तीनमध्येच गृहीत धरलेली नाही ना, चित्रात चार आंबे आणि प्रश्नात पाच असं झालेलं नाही ना, हे सगळं माझं काम. पुस्तकाच्या दुसऱ्या पानावर बारीक अक्षरात 'समीक्षक' म्हणून माझं नाव असे. माझे वडील अंबरनाथच्या एका कारखान्यात होते, अक्षरओळख त्यांना विहारातल्या संध्याकाळच्या वर्गात झाली होती. हात धुतल्याशिवाय ते पुस्तक धरत नसत. माझं नाव छापलेलं पहिलं पुस्तक त्यांनी डब्याच्या पिशवीतून पाळीवर नेलं आणि सगळ्या खात्याला दाखवलं. "ह्याच्या सहीशिवाय छापतच नाहीत," असं सांगायचे. ते खरं नव्हतं. नारीशेठ कशाशिवायही छापत असे.

या कामातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे चाचणी. छापण्याआधी मजकूर खऱ्या माणसांच्या हातात द्यायचा आणि आपण गप्प बसून बघायचं. ही गोष्ट मला एका कटिंग मास्तरने शिकवली. शिवणकामाच्या कोर्सचं पुस्तक होतं, पँटच्या कटिंगची आकृती मी पट्टीने मोजून पास केली होती. आकडे सगळे बरोबर. तरी कॅम्प पाचमधल्या जीन्सच्या कारखान्यात घेऊन गेलो. तिथल्या मास्तरने आकृती उलटी धरली, सुलटी धरली आणि आत हाक मारली, "ए, बघ रे, सरांनी पँट आणलीय." मग मला म्हणाला, "सर, माणसाला नाय होणार ही. खुर्चीला घाला, फिट बसंल." सगळा कारखाना हसला. मीही हसलो, आणि परत येऊन आकृती नव्याने काढून घेतली. त्यानंतर बरीच वर्षं मी एकही पुस्तक चाचणीशिवाय सोडलं नाही. म्हणजे चाचणी कशासाठी असते हे मला ठाऊक नव्हतं, असं मला म्हणता येत नाही.

आता ती पुस्तिका. अंबरनाथमध्ये कार्यालय असलेल्या एका संस्थेने तिसरीच्या गणिताची स्वाध्यायपुस्तिका आमच्याकडून करून घेतली. संस्थेचं नाव लिहीत नाही, तिथली माणसंही आता वेगळी आहेत. डोंगरातल्या पाड्यांवर त्यांचे वर्ग चालत. अट अशी होती की पुस्तिकेची चाचणी तीन ठिकाणी व्हावी, दर ठिकाणी किमान बारा मुलं असावीत आणि अहवाल आल्याशिवाय संस्था माल उचलणार नाही. एक चाचणी मी कॅम्प पाचमध्ये घेतली, दुसरी खरवईत. तिसरी बारवी धरणाच्या पलीकडच्या एका पाड्यावर व्हायची होती.

तिथे मला जायचं नव्हतं. गुडघे दुखत होते, आणि खरं सांगायचं तर कंटाळा आला होता. पाड्यावरचा वर्ग घेणारी मुलगी मेच्या मध्याला प्रशिक्षणासाठी अंबरनाथला आली होती. मंजुळा तिचं नाव. बारावी झालेली, त्याच पाड्यावरची, बावीसेक वर्षांची. मी तिच्या हातात पाठांच्या झेरॉक्स दिल्या.

"पोरं जिथे अडतील तिथे लिहायचं," मी सांगितलं. "काय बोलली तेही."

"सगळं लिहू, सर?"

"सगळं."

ती पंधरा दिवसांनी स्वतः कॅम्प दोनला आली. पाड्यापासून रस्त्यापर्यंत चालत, तिथून जीपने बदलापूर, मग पुढे. जिना चढून आली आणि खाकी पाकीट माझ्या हातात दिलं. जाड होतं. "सर, वाचा हां," म्हणाली. "पोरांनी लई विचारलंय."

"वाचतो," मी म्हणालो. तिला बसा म्हणालो नाही, कारण बसली असती तर तिने माझ्या मागच्या भिंतीशी रचलेले गठ्ठे बघितले असते. पुस्तिकेची आतली सगळी पानं छापून तयार होती.

हे असं का, ते सांगायला हवं. जूनमध्ये वर्ग सुरू होणार, छापखाना ऐन वेळी मोकळा मिळत नाही. नारीशेठचं ठरलेलं वाक्य होतं, "मास्तर, किताब में गलती रही तो चलेगा, जून के बाद आई तो किसको पढाएगा?" त्यामुळे आतली पानं आधी छापून घ्यायची, कव्हर शेवटी, आणि चाचणीचा अहवाल मधल्या दिवसांत तयार करायचा, अशी पद्धत पडत गेली होती. सुरुवातीला मला झोप येत नसे. मग येऊ लागली.

मंजुळा गेल्यावर मी पाकीट उघडलं. पहिल्या पानावर नऊ नावं होती. नऊ. अटीत बसायला बारा हवीत. खाली पहिल्याच गणितापुढे लिहिलं होतं, "सर, हे कोणालाच समजले नाही. कारण..." मी ते कारण वाचलं नाही. पाकीट बंद केलं आणि टेबलाच्या खालच्या खणात टाकलं.

मग मी मंजुळाकडून आल्यासारखा अहवाल लिहिला. यात मी तरबेज होतो. तीन वेगळी पेनं वापरायचो. सगळी मुलं हुशार दाखवायची नाहीत. दहातली दोन अडलेली दाखवायची म्हणजे खरं वाटतं. मुलांची संख्या चौदा लिहिली, कारण नेमकी बारा लिहिली की संशय येतो. आणि शेवटी, नुसते आकडे कोरडे वाटतात म्हणून, एका मुलीचं वाक्य घातलं. 'सुनंदा, वय वर्षे नऊ: मला आता भागाकार गोष्टीसारखा वाटतो.'

नारीशेठने अहवाल वाचला आणि खूश झाला. "मास्तर, क्या लडकी है! हे पाठीवर टाका." कव्हर छापायचं बाकीच होतं. सुनंदा पुस्तिकेच्या पाठीवर गेली, खाली पाड्याचं नावही छापलं. मला बरं वाटलं होतं, हे लपवत नाही. माझी एक ओळ पहिल्यांदाच कव्हरवर आली होती.

पुढचं मला नंतर तुकड्यातुकड्याने कळलं. संस्थेच्या कार्यालयात माझ्या अहवालावरून त्या पाड्याची पटसंख्या नऊची चौदा करण्यात आली. वर्गातल्या मुलांना चिक्कीची पाकिटं मिळत, ती चौदा येऊ लागली. मंजुळाने चिक्की आणणाऱ्या टेम्पोवाल्याला म्हटलं, "दादा, पाच जास्त आहेत." तो म्हणाला, "वरून आलंय, घे गपचूप." तिने ती मुलांच्या धाकट्या भावंडांना वाटली.

दिवाळीच्या आधी संस्थेच्या सबनीस मॅडम पाहणीला गेल्या. त्यांना वार्षिक पुस्तिकेसाठी सुनंदाचा फोटो हवा होता. "सुनंदाला बोलवा," त्या म्हणाल्या. मंजुळा म्हणाली, अशी मुलगी इथे नाही; पुस्तिकेवरचं ते नाव तिला छपाईची चूक वाटलं होतं. मॅडमनी मुलं मोजली. नऊ. अहवालात चौदा, चिक्की चौदांची. उरलेली पाच कुठे? आणि जी नऊ होती त्यांना अहवालाप्रमाणे जी गणितं येत होती, ती एकालाही येईनात. मॅडमनी सगळ्यांसमोर विचारलं, "खोटी मुलं दाखवून खाऊ कुणी खाल्ला?" पाड्यावर हे वाक्य राहिलं. मॅडम परत गेल्यावरही राहिलं.

अंबरनाथच्या कार्यालयात बैठक झाली, मलाही बोलावलं. मंजुळा दाराजवळच्या खुर्चीवर बसली होती, अंगावर नीट इस्त्री केलेला ड्रेस. ती शांतपणे म्हणाली, "मी नऊच नावं लिहिली होती. सरांच्या हातात पाकीट दिलं. सरांना विचारा."

सबनीस मॅडम माझ्याकडे वळल्या. "सर, असं काही पाकीट आलं होतं?"

तीनशे पानांच्या पुस्तकात कुठल्या पानावर कुठलं चित्र आहे हे मी न बघता सांगत असे. माझी त्याबद्दल ख्याती होती. मी म्हणालो, "आलं असेल. लक्षात नाही. माझ्याकडे अहवाल आला तो चौदा मुलांचा."

मंजुळाने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. फळ्यावर चुकीचं लिहिल्यावर मूल बाईंकडे बघतं, आता त्या दुरुस्त करतील म्हणून, तसं. मी समोरच्या पाण्याच्या ग्लासकडे बघत राहिलो. तिला काढलं. पाड्यावरचा वर्ग बंद झाला, कारण तिथे राहणारं दुसरं कुणी मिळालं नाही. पुस्तिकेची दुसरी आवृत्ती निघाली, मग तिसरी. पाठीवर सुनंदा होतीच.

ते पाकीट मला नंतर अचानक सापडलं असं मी लिहू शकलो असतो. तसं नाही. ते कुठे आहे हे मला रोज माहीत होतं. निवृत्त झालो तेव्हा खणातून काढून घरी आणलं आणि कपाटात, बायकोच्या साड्यांखाली ठेवलं. तिने एकदा विचारलं, "हे काय?" मी म्हणालो, "ऑफिसचं." फाडायची हिंमत झाली नाही आणि वाचायचीही.

गेल्या वर्षी मुलाने खरवईत नव्या इमारतीत घर घेतलं, आम्ही अंबरनाथ सोडून तिथे आलो. सामानाचा टेम्पो गेटवर थांबला. निळ्या गणवेशातली सिक्युरिटीची बाई वही घेऊन पुढे आली. "नाव सांगा, सर. फ्लॅट नंबर?" मी नाव सांगितलं. तिचं पेन थांबलं. मग तिने ते पूर्ण लिहिलं आणि म्हणाली, "नमस्कार, सर. मंजुळा. पाड्यावरची."

त्यानंतर रोज सकाळी मी फिरायला निघालो की ती म्हणायची, "नमस्कार, सर." बस, तेवढंच. त्या गोष्टीबद्दल एक शब्द नाही. दोन आठवड्यांनी मी मागच्या गेटने जाऊ लागलो. तिकडे चिखल होता, एकदा घसरलोही. सून म्हणाली, "पप्पा, पुढचं गेट असताना तिकडून कशाला?"

मे महिन्यात एका सकाळी पाकीट घेऊन मी पुढच्या गेटवर गेलो. ती येणाऱ्या कामवाल्यांची नावं वहीत लिहीत होती. गर्दी ओसरेपर्यंत मी थांबलो आणि मग सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मधेच एक गाडी आली, तिचा नंबर लिहून परत आली.

"सर, एक सांगा. तुम्ही वाचलं होतं का?"

"नाही. पहिलं पान फक्त."

"आणि नंतर?"

"नंतरही नाही."

तिने पाकीट हातात घेतलं, उलटून पाहिलं आणि परत मला दिलं. "मला इतकी वर्षं वाटायचं, माझं लिहिणंच चुकलं असेल," ती म्हणाली. "पोरांचं उलटंसुलटं लिहिलं, म्हणून सरांना राग आला असेल."

मी म्हणालो, मी संस्थेला पत्र लिहितो, कबुली देतो. ती म्हणाली, "द्या. पण त्यांचं मला काय करायचंय, सर? पाड्यात सांगा. माझ्या बापाला अजून लग्नाकार्यात बोलतात, चिक्कीवाला म्हणून."

"कधी जाऊ या?"

"आता नको. माणसं वीटभट्टीवरून आली की पेरणी, मग लावणी. लावणी उरकू द्या."

संस्थेला पत्र पाठवलं. महिन्याभराने एका तरुणाचा फोन आला, फार नम्र होता. "सर, तेव्हाची फाइल आमच्या सिस्टिममध्ये नाहीच. मॅटर क्लोज आहे. पुस्तिका मात्र आहे हां, पीडीएफ. अजून वापरतो."

"निदान पाठीवरचं ते वाक्य तरी काढा," मी म्हणालो. "ती मुलगी खोटी आहे."

"सर, ते तर आमचं सगळ्यात आवडतं वाक्य आहे," तो म्हणाला.

त्या दिवशी मी पाकीट वाचलं. बावीस पानं, दोन्ही बाजूंनी लिहिलेली. पुस्तिकेत गणित होतं: एका लिफ्टमधून एका वेळी आठ माणसे जातात, तर अठ्ठेचाळीस माणसांना किती फेऱ्या? पुढे मंजुळाने लिहिलं होतं, "लिफ्ट म्हणजे काय ते चित्र काढून सांगितले. मग लहानी विचारते, बाकीची चालत का नाही जात?" चोवीस पेरू सहा मुलांना समान वाटा, या गणितापुढे: "काशी म्हणते, समान नको, बारक्यांना आधी द्या. ती उत्तर देत नाही, वाद घालते." आणि एका पानावर खाली रेघ मारून: "सर, बाळूला बारा गुणिले दहा येत नाही. पण भट्टीवर बारा-बारा विटांचे दहा थर लावले तर किती, असे विचारले की लगेच सांगतो, एकशे वीस. सगळ्यांनाच येते. ही मुले वर्षातले सहा महिने भट्टीवर असतात. थरांवरून गुणाकाराचा पाठ केला तर एका दिवसात शिकतील. मी नमुना पाठ जोडला आहे. चुकले असेल तर दुरुस्त करावे."

नमुना पाठ जोडलेला होता. दोन पानांचा. मी एवढ्या वर्षांत शेकडो पाठ तपासले. गुणाकाराचा इतका नीट पाठ मी पाहिलेला नाही. त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं.

ऑगस्टमध्ये तिच्या सुट्टीच्या दिवशी आम्ही गेलो. शेवटची चढण मला झेपेना, तिने माझी पिशवी घेतली. समाजमंदिराच्या ओट्यावर वीस-पंचवीस माणसं जमली होती. तिचे वडील मागे, खांबाला टेकून, आमच्याकडे पाठ करून बसले होते. मी उभं राहून सांगितलं. चौदा मुलं मी लिहिली, सुनंदा मी लिहिली, चिक्की त्यामुळे आली, आणि विचारलं तेव्हा मी खोटं बोललो. मंजुळाने काहीही केलेलं नव्हतं.

मग पुढे बसलेल्या एका म्हातारीने विचारलं, "मंग ती सुनंदा कोनाची?"

"कुणाचीच नाही, आजी. मी मनाने लिहिली."

एक जण हसला. म्हातारी हसली नाही. "आन् आमची नव व्हती ती?" ती म्हणाली. "ती तं खरी व्हती ना? ती का नाय लिवली?"

मागून मंजुळा म्हणाली, "सर, पाकीट आणलंय ना? पहिलं पान वाचा."

मी चष्मा लावला आणि वाचलं. बाळू. "भट्टीला हाय, आता मुकादम झालाय," कुणीतरी म्हणालं. हिरा. "दिली कर्जतला." काशी. "वांगणीला हाटेलात भांडी घासते." देवराम. त्याची आई समोरच होती, ती म्हणाली, "त्याचा ठावठिकाना नाय." पारू, पोरं दोन. गुरुनाथ, आश्रमशाळेत आठवीपर्यंत शिकला, आता टेम्पोवर. चिंतामण, भट्टी. सोमी, भट्टी. शेवटी लहानी. मग मंजुळाच हळूच म्हणाली, "ती गेली, सर. भट्टीवर ताप आला होता."

मी पान घडी करून पाकिटात ठेवलं. मंजुळाचे वडील उठले, माझ्यासमोरून गेले, आणि जाताना शेजारच्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवून एवढंच म्हणाले, "आयकलंस ना?"

परत येताना जीपमध्ये मी मंजुळाला म्हणालो, मी ओळखीच्या एक-दोन ठिकाणी बोलतो, तू पुन्हा शिकवायला लाग. तो पाठ आपण छापून घेऊ.

"कुणाला शिकवू, सर?" ती म्हणाली. "दिवाळी झाली की टेम्पो येतो. पोरांसकट सगळे भरून नेतात. पाड्यावर कुत्री राहतात फक्त." मग घड्याळ बघितलं. तिची दुसऱ्या पाळीची ड्युटी होती, कुणाच्या तरी बदली.

मी काही परत आणून दिलेलं नाही, हे मला समजतं. तरी पुस्तकाच्या दुसऱ्या पानावर समीक्षक म्हणून ज्याचं नाव आहे, त्या माणसाची ही शेवटची दुरुस्ती छापली जावी, एवढी विनंती संपादकांना केली आहे. त्या वर्षी त्या पाड्यावर पुढील नऊ मुले शिकत होती: बाळू, हिरा, काशी, देवराम, पारू, गुरुनाथ, चिंतामण, सोमी, लहानी. त्यांना मंजुळा शिकवत होती आणि ती चांगलं शिकवत होती. सुनंदा नावाची मुलगी तिथे कधीच नव्हती.